हिरव्या चुड्याचा इंजेक्टर

कुंभारी,
३० ऑगस्ट २०२५

रेश्मे, माझ्या बाई, हाय तितं सुखी ऱ्हा.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन म्हणला, आज्जी, गावात बँकेची सोडून पत्रं आता फकस्त तुमालाच येत्यात. मी म्हणलं, मग बस, चहा घे. तुला म्हायतीच हाय, फोनवर मला निस्तं गुंगुं ऐकू येतंय, आन कानातलं मशीन लावलं तर फोन शिट्टी मारतोय. त्यापरीस हे बरं. पाचवीत असताना तूच मला पाटीवर ग म भ न गिरवाय लावलंस, आता माझी अक्षरं वाचायची पाळी तुझी. जोडाक्षर चुकलं तर हसू नको. न्हायतर हस, मला कुटं दिसतंय.

हितं समदं झकास हाय. शेळी व्यायली, दोन करडं. शेजारच्या कमलम्मानं माग बंद करायच्या आधी विणलेली चादर दिली, म्हणली, बजाबाई, रंग पक्का हाय. पयल्या धुण्यात माझं पांढरं लुगडं गुलाबी झालं. आता मी तो रंग मुद्दाम घेतलाय म्हणून सांगत फिरती, आन ती बी दारात हुबी ऱ्हाऊन व्हय व्हय म्हणती.

आता तुझ्या भावाचं. अभ्यानं गॅरेजात राबून ती जुनी तांबडी गाडी घेतली की, ती दारात चिंचेखाली उभी असती. तिला टर्बो हाय. म्हंजे काय, तर धुराड्यातनं जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतोय आन इंजनाच्या पोटात वारा कोंबतोय. अर्धा तास मला सांगत हुता. मी म्हणलं, म्हंजे फुंकणी की रं.

तर त्यानं काय केलं, फुंकणीचा जोर वाढिवला. वारा वाढला, पर पेट्रोल हुतं तेवढंच. आता गाडी हळू चालिवली की शहाणी, आन दाबली की ठसका. त्यो सोलापूरचा गुरुशांत हाय बघ, गाडीला लॅपटॉप लावून दुरुस्त करतोय त्यो, त्यानं सांगितलं, आशी पळवू नको, पेट्रोल कमी पडून इंजन आतनं वितळंल. खरं हाय. चुलीत सरपण न घालता निस्तं फुंकत बसलं तर डोळ्यात राखच यायची.

पेट्रोल जास्ती पोचवायचं तर नवा पंप पायजे, आन इंजेक्टर म्हणून काय चार नळ्या आसत्यात त्या मोठ्या पायजेत. नव्याची किंमत ऐकून आलं पोरगं आन न जेवता झोपलं. तुझा आप्पा म्हंजे आमचा कुंडलिक, त्यो कसा बोलतोय ठावं हाय तुला. म्हणला, मोटरसायकल घेतली आसतीस तर सकाळचं दूध तरी घातलं आसतंस. अभ्या म्हणला, आप्पा, डिसेंबरात बार्शीकडं मैदानावर शर्यत हाय, घड्याळ लावून एकेक गाडी पळवायची, मी नाव दिलंय. कुंडलिक म्हणला, घड्याळ माझ्याकडं बी हाय, हितंच पळ.

तू चाकणला आसल्याच सामानाच्या कारखान्यात हायेस. काय स्वस्तातलं जमतंय का बघ. त्यो तोंडानं मागायचा न्हाय, म्हणून मी मागती.

आन दिवाळीचं आत्ताच सांगून ठिवती. भाऊबीजेला यायचंच. तुमी दोघं समोरासमोर पाटावर बसलेलं बघितलं की माझं वरीस भरतंय. बाकी मला काय नको.

तुझी,
आजी



चाकण,
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र मी आमच्या खोलीतल्या मुलींना वाचून दाखवलं. गुलाबी लुगड्याचा फोटो पाठव असा सगळ्यांचा हट्ट आहे.

फुंकणी अगदी बरोबर. वारा वाढवलास तर सरपण वाढव, एवढंच आहे ते सगळं. फक्त सरपण विकत कुठलं घ्यायचं हा प्रश्न होता, त्यात माझे तीन आठवडे गेले.

अभीला सांग, नवा पंप घ्यायचा नाही. त्याचा जुना पंप चांगला आहे, पण टाकीपर्यंत गेलेली वायर बारीक आणि म्हातारी आहे, त्यामुळे पंपाला पुरती वीजच पोचत नाही. बॅटरीपासून थेट जाड वायर ओढायची, मध्ये रिले, म्हणजे विजेचा आपोआप चालणारा खटका, टाकायचा आणि पेट्रोलचा फिल्टर बदलायचा. तोच पंप जास्त ओढेल. मी हे त्याला मेसेजमध्ये लिहिलंय, पण तो माझे मेसेज पहिल्या ओळीपर्यंतच वाचतो.

इंजेक्टर मात्र मोठेच लागतील. ते मी भंगार बाजारातून आणले, एका मोडीत निघालेल्या मोठ्या गाडीचे. तोंड वाकडं करू नकोस म्हणावं. आमच्या साहेबांना विचारून जेवणाच्या सुट्टीत मी ते कारखान्यातल्या तपासणीच्या यंत्रावर लावले. चार इंजेक्टर, खाली चार काचेच्या नळ्या. आजी, चारही नळ्यांत तेल एका रेघेत चढलं, म्हणजे चौघेही सारखंच सोडतात. मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता एवढा आनंद झाला. डबा पुढे सरकवून मी नुसती बघत बसले होते.

एकाची रबरी रिंग चिरली होती. बाकी तिघांच्या काळ्या आहेत, याला माझ्याकडची हिरवी घातली. त्याच गडबडीत त्याची टोपी हरवली. म्हणजे तोंडावर बसवतात ती प्लास्टिकची टोपी, आत कचरा जाऊ नये म्हणून. त्याच्या तोंडाला मी चिकटपट्टी लावली आहे. बसवेपर्यंत टोप्या काढू नकोस म्हणावं. आत केसाएवढ्या जाळ्या असतात.

पार्सल एसटीने पाठवते आहे. दसऱ्याच्या आत पोचेल. हे मी माझ्या भाऊबीजेच्या ओवाळणीतून वळते करून घेणार आहे असंही त्याला सांग. गेल्या वर्षी त्याने मला स्टीलचा डबा दिला होता, तोही आपल्याच घरातला.

तुझी,
रेश्मा



कुंभारी,
३ ऑक्टोबर २०२५

रेश्मे, गुणाची माझी पोर ती,

पाकिटात सोनं घातलंय, ते आधी काढून घे. पानं वाळली आसतील तर वाळलेलं सोनं म्हण.

तुझं पार्सल खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आलं. अभ्यानं खोकं उघडलं, एकेक नळी उजेडाकडं धरून बघितली, परत हुती तशी ठिवली. मग मला म्हणला, ताईला कळतंय गाडीतलं. मी म्हणलं, तिला सांग की. म्हणला, डोक्यावर बसंल.

खंडेनवमीला त्यो गॅरेजातल्या पूजेला गेला आन घरची पूजा माझ्याकडं. खुरपं, कोयता, कुंडलिकाची पहार, माझी विळी, अभ्याचे जुने पाने, समदी धुऊन पुसून मांडली. आन मधी पाटावर तुझ्या चार नळ्या. मान त्यांचाच की. पूजा माझ्या हातानं, आगदी मनासारखी झाली. कुंडलिक म्हणला, आये, आता गाडीची आतडी बी पाटावर बसिवलीस व्हय. मी म्हणलं, आतड्याशिवाय चालतंय का कुणाचं, तुझं तरी.

दसऱ्याला सकाळी अभ्यानं जाड वायर ओढली. मागची बैठक काढून अंगणात ठिवली, तर करडं चढून बसली त्येच्यावर. मग इंजेक्टर बसिवले. मी मशीन कानात घालून तयार हुती. चावी फिरिवली आन गाडी आशी गुरगुरली की शेळी दावं तोडून कमलम्माच्या परसात. कमलम्मा भायेर येऊन तेलुगूत काय तरी बोलली. काय बोलली ते मी इचारलं न्हाय, सणाचा दिवस.

अभ्यानं हळूहळू रस्त्यापातूर नेऊन आणली. तोंडावर असं हसू, लहानपणी आंघोळ करून पावडर लावल्यावर आसायचं तसं. रविवारी गुरुशांत लॅपटॉप लावणार. लॅपटॉपवर कळतंय म्हणं पेट्रोल किती आन वारा किती. वैद्य नाडी बघतोय तसंच की. मग दाबून बघणार.

मला बसवणार हाय म्होरं. मी त्येच गुलाबी लुगडं नेसणार, गाडीला शोभतंय.

तुझी,
आजी



चाकण,
९ ऑक्टोबर २०२५

आजी,

सोनं मिळालं. पर्समध्ये ठेवलं आहे.

तुला वाईट वाटेल, पण खोटं लिहिता येत नाही. मी दिवाळीला येत नाही. सुट्टीतली ड्युटी मागून घेतली आहे.

अभीचा रविवारी फोन आला होता. गाडी उभी असली की छान आणि दाबली की अडखळते. गुरुशांतने प्लग काढून बघितले. तीन प्लगचा रंग बरोबर, एक पांढराफटक. म्हणजे त्या एका ठिकाणी पेट्रोल कमी पडतंय. गुरुशांत म्हणाला, भंगारातला माल आहे, आतून झिजला असेल.

तो परका माणूस, म्हणू दे. पण अभी मला काय म्हणाला माहीत आहे? ‘ताई, तुला कारखान्यात खोकी मोजायची सवय. तू नीट बघितलंच नसशील.’ मी म्हटलं, मी डोळ्यांनी चारही नळ्या एका रेघेत बघितल्या. तर म्हणतो, एका हातात मोबाईल असंल. मी फोन ठेवला. नंतर दोनदा मीच लावला, तर उचलत नाही. आता मीही लावणार नाही.

खोकी मोजायची कामं मी पहिल्या वर्षी केली, आजी. आता मी तपासणीत आहे. हे घरात कुणाला माहीतच नाही का?

तुझ्यावर राग नाही. औषध वेळेवर घे.

रेश्मा



कुंभारी,
१२ ऑक्टोबर २०२५

रेश्मे,

तुझं पत्र वाचलं. मग डोळे पुसून परत वाचलं, कारण पयल्यांदा मला वाटलं मीच चुकीचं वाचलं.

आधी हे ऐक. तू तपासणीत हायेस हे मला म्हायती हाय आन कमलम्माला बी म्हायती हाय. मी तिला सांगितलंय, आमच्या रेश्मानं बरोबर म्हणल्याबिगर गाडीचं सामान कारखान्याच्या भायेर जात न्हाय. ती म्हणली, मग गाड्या इतक्या का बिघडत्यात. मी म्हणलं, त्या रेश्माच्या सुट्टीच्या दिवशी बनलेल्या.

अभ्याला मी बोलली. चांगली बोलली. म्हणलं, बहिणीनं पोटाला चिमटा काढून सामान पाठिवलं आन तू तिच्या कामाला नावं ठिवतोस. त्यो खाली मान घालून भाकरी कुस्करत बसला. गाडीवर ताडपत्री टाकलीय. बार्शीचं नाव बी काढत न्हाय. पर काल पोस्टमन आला तवा म्हणला, ताईचं पत्र हाय का. मी हाय म्हणलं तर म्हणतोय, न्हाय, तिकिटं बघायची हुती. कवापासनं तिकिटं गोळा कराय लागला?

आता मी तुला एक सांगती. त्या चौघांत खोट आसूच शकत न्हाय. तुझी तपासणी झाली ती झाली, हितं माझी बी झालीया. समदं सांगती, म्हंजे तुझ्या मनातला किंतू जाईल.

टोप्या काढू नका म्हणून तू लिवलंवतंस, त्या मी काढल्या न्हाईत. तिघांना टोप्यांवरनंच हळदकुंकू लावलं. पर ती चौथी, हिरव्या चुड्याची. तिघं काळ्या रिंगचे गडी आन ती एकटीच हिरवा चुडा भरलेली. तिच्या तोंडाला तू पट्टी बांधलेली. आता सवाशीण बाईला तोंड बांधून पाटावर कसं बसवायचं, तूच सांग. मी हळूच पट्टी सोडली. ओल्या हळदकुंकवाचं बोट लावलं. घर सोडून दुसऱ्याच्या घरात नांदाय निघाली म्हणून दहीसाखरेचा थेंब तोंडात घातला, लगेच आत बी गेला. पदरानं तोंड पुसलं आन पट्टी हुती तशी लावून टाकली. अभ्याला आजून पत्ता न्हाय.

इतक्या मायेनं घरात आणलेली ती, ती का उपाशी ठिवील कुणाला? दोष आसंल तर त्या गुरुशांतच्या लॅपटॉपात आसंल.

म्हणून म्हणती, राग सोड आन ये. भाऊबीज वर्षातनं एकदा. मी किती बघणार हाय आजून, ते न्हाय लिवत, तू म्हणशील आजी घाबरवती. खरं सांगू, मी लई बघणार हाय. पर यंदाची बी बघायची हाय मला.

तुझी,
आजी



चाकण,
१५ ऑक्टोबर २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र कँटीनमध्ये वाचलं. एकदा वाचलं, मग पाण्याचा ग्लास खाली ठेवून परत वाचलं, आणि मग मी एवढी हसले की शेजारच्या मुलीला वाटलं मी रडते आहे. तिनं पाठ चोळून दिली. कमलम्मानं गाड्यांबद्दल जे विचारलं ना, त्याचंच हसू आलं.

आता माझं एक काम कर. अभी माझा फोन उचलत नाही, म्हणून हा निरोप तुझ्या तोंडून जाऊ दे. शब्द बदलू नकोस. त्याला सांग: हिरव्या रिंगचा इंजेक्टर बाहेर काढ. वरच्या तोंडातली जाळी टॉर्चने बघ. ती पेट्रोलने धुवायची नाही. आधी कोमट पाण्याने धू, उलटा धरून, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग हवेने पूर्ण कोरडा कर, एक थेंब पाणी राहता कामा नये. मग बसव आणि गुरुशांतकडे ने.

आणि हेही सांग की चूक माझी होती. पट्टी मी नीट चिकटवली नव्हती, प्रवासात सुटली असेल आणि आत काहीतरी गेलं असेल. टोपी शोधायला हवी होती. असंच सांग. तो विचारेल, काय गेलं? तर म्हणावं, ताईला माहीत नाही.

ड्युटी मी बदलून घेतली आहे. बावीस तारखेला संध्याकाळी सोलापूर स्टँडवर उतरते. रिक्षाने येईन, कुणी यायला नको.

तू पूजा फार छान केलीस. खरंच सांगते, त्या इंजेक्टरला आयुष्यात एवढा मान कुणी दिला नसेल.

तुझी,
रेश्मा



कुंभारी,
१७ ऑक्टोबर २०२५

रेश्मे,

घाईत कार्ड लिवती, पोस्टमन उंबऱ्यात हुबा हाय आन चहा घेत न्हाय म्हणतोय, म्हंजे खरंच घाईत हाय.

निरोप शब्दाला शब्द सांगितला. अभ्या म्हणला, पाण्यानं? इंजेक्टर पाण्यानं कोण धुतंय? मी म्हणलं, तुझी ताई तपासणीत हाय, तिला इचार. मग ताई म्हणली चूक माझी, हे बी सांगितलं. मग माझी चहाची गाळणी आन स्टीलची वाटी घेऊन गाडीकडं गेला. ताडपत्री काढलीया.

रिक्षा करू नको म्हणतोय. स्टँडवर थांब.

आजी



चाकण,
२९ ऑक्टोबर २०२५

प्रिय आजी,

पोचले. डब्यातली शंकरपाळी बसमध्येच संपली, चकल्या वाचल्या.

स्टँडवरची गोष्ट तुला सांगायची राहिली, तुझ्यासमोर आम्हाला दोघांनाही सांगता आली नसती. अभी गाडीला टेकून उभा होता. मी आले तशी त्यानं माझी बॅग घेतली आणि मागे ठेवली. ना ये, ना बस. मीही बसले. शहरातून बाहेर पडेपर्यंत दोघेही पुढच्या टेंपोच्या मागची अक्षरं वाचत होतो. अक्कलकोट रस्ता मोकळा लागला तेव्हा तो म्हणाला, ‘ताई, दाबू का?’ मी म्हटलं, दाब.

आजी, ती गाडी जशी ओढली ना, पाठ सीटला चिकटली माझी. एकदाही अडखळली नाही. चारही सिलिंडर एका सुरात. तो हसायला लागला आणि मीही. मग त्यानं वेग कमी केला आणि रस्त्याकडे बघतच म्हणाला, ‘एका रेघेत होत्या म्हणालीस ते खरं होतं.’ एवढंच. आपल्या घरात माफी अशीच मागतात, आप्पाही आईला असंच म्हणतात. मी घेतली.

तू ओवाळणीच्या वेळी सारखं विचारत होतीस ना, त्या नळीत काय सापडलं. थोडा गंज होता. एसटीत आदळआपट होते, पट्टी सुटली, गेला आत. तू त्याचा विचार करू नकोस.

या वर्षी ओवाळणीत त्यानं काय दिलं सांगू? हरवलेल्या टोपीसारखी एक नवी टोपी, कागदात गुंडाळून. वर स्टीलचा डबा.

बार्शीला मी येऊ शकणार नाही, तपासणीला बाहेरचे लोक येणार आहेत. तू जा. मशीन लाव कानाला, आणि मला सगळं लिही.

तुझी,
रेश्मा



कुंभारी,
८ डिसेंबर २०२५

रेश्मे, माझ्या लाडाच्या बाई,

काल बार्शीकडं जाऊन आली. अंग आजून हलतंय, पर लिवल्याबिगर ऱ्हावत न्हाय.

मैदान म्हंजे निस्ता मुरूम. मधी तांबडे सुळके ठिवल्याले, त्यांना वळसा घालून गाडी पळवायची, सुळका पाडला की दंड. पोरं लांबलांबनं आलीवती, एकेकाची गाडी आशी चकचकीत की तिला बी पावडर लावली आसंल. मी, तुझी आई आन कुंडलिक मांडवात. मी गुलाबी लुगड्यात. शेजारची एक बाई म्हणली, रंग लई छान हाय, कुटनं घेतलं. मी कमलम्माचा पत्ता दिला.

अभ्याची पाळी आली. कानातलं मशीन पार वाढवून ठिवलंवतं. सुटली गाडी. धुरळ्यात कधी दिसायची, कधी न्हाय, पर आवाज एकसारखा, कुटं ठसका न्हाय का उचकी न्हाय. तुझा आप्पा, ज्यो म्हणायचा घड्याळ माझ्याकडं बी हाय, त्यो खरंच मनगटावरचं घड्याळ बघत हुता, आन गाडी आत आल्यावर लोकांना सांगाय लागला, आमचाच हाय त्यो. अभ्याचा नंबर मधीच कुटं तरी आला. बक्षीस न्हाय. पर पुण्याकडचा एक मालक येऊन त्येच्या गाडीचं झाकण उघडून बघत बसला, जाड वायरीला हात लावून बघितलं. म्हणला, येवढ्या कमी खर्चात कुणी करून दिलं? अभ्या म्हणला, इंजेक्टर ताईनं तपासल्यात. माझी ताई तपासणीत हाय. मी ऐकलं, ह्या कानानं ऐकलं. आता रागवायला काय शिल्लक न्हाय तुला.

आता दुसरं.

रेश्मे, तू गंज म्हणून लिवलंस. मी वाचलं आन पत्र डब्यात ठिवलं. बाई, जल्म गेला माझा चुलीपुढं. अभ्यानं गाळणी परत आणून दिली, ती पिवळी. वाटीच्या तळाला तांबडं. म्हणला, आजी, गंज हाय, घासून टाक. मी घासली, तांबडं गेलं, पिवळं काय जाईना. गंज कसा दिसतोय मला ठावं हाय आन हळद कशी दिसती ते बी ठावं हाय.

आन त्याच्या आदीच, निरोप सांगताना माझ्या जिभेला ते अडलंवतं. पेट्रोलनं न्हाय, कोमट पाण्यानं. मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या म्हणलं, पाण्यात काय इरगळतंय? साखर इरगळती. मग उठून बसली आन तोंडावर पदर धरून इतकी हसली की कुंडलिक म्हणला, आये, पोट दुखतंय का.

म्हणलं सकाळी सांगावं, माझंच बोट ते, पोरीवर आळ कशाला. तर सकाळी बघती, अभ्या अंगणात फोनवर बोलतोय. हळू आवाजात, माझ्याकडं पाठ करून. मला ऐकू येत न्हाय हे त्याला ठावं हाय, तरी पाठ करून. म्हणला, ‘ताई, आजीला कळता कामा न्हाय हां.’ येवढंच बोलून ठिवला. मशीन कानात हुतं ते त्येला दिसलं न्हाय. दोन आठवडं ज्या बहिणीचा फोन उचलत न्हवता, तिला आपणहून लावून बोलत हुता. मी आल्या पावली चुलीकडं परत.

मग भाऊबीजेला मी ओवाळणीच्या ताटात हळदकुंकवात बोट बुडिवलं, तर तुमी दोघांनी एकमेकांकडं बघितलं आन झट करून माना खाली. लहानपणी गुळाच्या ढेपेला भोक पाडून मुंगळ्यांचं नाव सांगायचा, तवा आगदी आसंच. मी इचारत हुती ते मुद्दामच, काय सापडलं गं नळीत म्हणून. बघायचं हुतं, कोण आधी खोटं बोलतंय. तर दोघं एकदमच बोलला, गंज.

मला काय वाईट वाटलं न्हाय. माझ्या हातनं बिघडलं, तुझ्या सांगण्यानं नीट झालं, आन दोघं मिळून म्हातारीला फसवाय लागला. मला यापरीस काय पायजे हुतं? भाऊबीज बघायची हुती, ती मी तवाच बघितली.

काल शर्यतीला निघताना अभ्या गाडी दारात घेऊन हुबा ऱ्हायला, म्हणला, आजी, हळदकुंकू लाव की. मी मुद्दाम म्हणलं, कुटं लावू? झाकण उघड. तर बॉनेटवर हात ठिवून म्हणला, न्हाय न्हाय, हितं वरनं लाव. मग पत्र्याला लावलं. दहीसाखरेची वाटी घेऊन म्होरं झाली, तर बाबानं आपलंच तोंड उघडलं. म्हणला, गाडीच्या वाटणीची बी मलाच घाल.

दोन चमचे घातले. तुझ्या वाटणीची वाटीत झाकून ठिवलीया, पर दही हाय, टिकणार न्हाय. तवा लवकर ये.

तुझी,
आजी